शिल्लक एक

१

मेलेली मुलगी रोज सकाळी दहा वाजून सात मिनिटांनी पार्कात येत होती आणि संध्याकाळी परत जात नव्हती.

हे मोजणीताईंना कळलं मंगळवारी दुपारी, आणि कळल्याबरोबर त्यांनी आपली खुर्ची मागे सरकवून भिंतीला टेकवली. भुताखेतांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. बावीस वर्षं जिवंत माणसं मोजण्यात गेलेली बाई ती, मेलेल्यांकडे बघायला सवड कधी मिळाली होती? पण त्या क्षणी पाठीमागे मोकळी जागा नको वाटली, एवढं खरं.

मोजणीखोली पार्कच्या मुख्य प्रवेशावर, माळ्यासारखी बांधलेली होती. खाली चक्र्यांची रांग. तिकीट किंवा वार्षिक पास दाखवला की लोखंडी दांडी एकदा फिरायची, माणूस आत जायचा आणि ताईंच्या भिंतीवरच्या बोर्डावर आकडा एकाने चढायचा. बाहेरच्या चक्रीत तेच दाखवून माणूस गेला की एकाने उतरायचा. आत अठरा हजारांच्या वर माणूस नको, हा नियम. आकडा तिथवर आला की ताई फोन उचलून पासवाल्यांचं दार बंद करायला सांगत. तिकीटवाल्याला तारीख नेमून दिलेली असते. पासवाला मनात येईल तेव्हा उगवतो, म्हणून आधी त्याला थांबवायचं. संध्याकाळी सातला पार्क बंद झाला की बोर्ड खाली खाली येत शून्यावर पोचायचा आणि ताई वॉकीटॉकीवर म्हणायच्या, "शून्य." तो शब्द ऐकल्याशिवाय पार्कातला एकही दिवा मालवायची कुणाची छाती नव्हती.

गेला महिनाभर बोर्ड शून्यावर येत नव्हता. एकावर येऊन थांबत होता. रोज संध्याकाळी रखवालदार बॅटऱ्या घेऊन निघायचे, स्वच्छतागृहं, होड्या, लाकडी घोड्यांच्या पोटाखालीसुद्धा बघून यायचे आणि कुणी नाही म्हणून कुरकुरायचे. शेवटी ताईंनी आदल्या दिवशी आत आलेल्यांच्या आणि बाहेर गेलेल्यांच्या नोंदी एकमेकींशी लावून बघितल्या. एक उरली. वार्षिक पास, चक्री क्रमांक चार, दहा वाजून सात मिनिटं. त्याच्या आदल्या दिवशीही तीच उरली होती. त्याच्याही आदल्या दिवशी तीच.

पास उघडल्यावर पडद्यावर फोटो आला. दोन वेण्या, समोरचा एक दात पडलेला, फोटो काढणाऱ्याकडे बघून मनापासून हसणारी नऊ वर्षांची पोर. हा चेहरा पार्कात कोण विसरणार? गेल्या वर्षी भूतबंगल्यासमोरच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, त्यात गेलेली ती.

ताईंनी चौथ्या दाराच्या कॅमेऱ्यातलं त्या सकाळचं चित्रण लावलं. दार बंद होतं. दहा सहा झाले, दहा सात झाले, दहा आठ झाले. समोर कुणी आलं नाही, काही हललं नाही. नोंदीत मात्र स्वच्छ लिहिलं होतं की चक्री चारची दांडी एकदा फिरली.

२

व्यवस्थापक साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि टेबलावरचा पेन सरळ केला. सरळच होता तो.

"ताई, यंत्र आहे. बिघडतं."

"रोज दहा सातलाच बिघडतं?"

"मिस्त्रीचा हलगर्जीपणा. तुम्ही तसं दोन ओळींत लिहून द्या. त्याला घरी पाठवू, विषय संपेल."

मिस्त्री चौदा वर्षं चक्र्यांची देखभाल करत होता. ताई म्हणाल्या, "न तपासता एखाद्याच्या पोटावर पाय द्यायचा?"

"मग तपासा. पण शुक्रवारी त्या अपघाताला वर्ष होतंय. त्या आत मला हे भूत-भूत कुजबुजणं बंद झालेलं हवंय." साहेबांनी आवाज उतरवला. "तसंही गुरुवार तिच्या पासाचा शेवटचा दिवस. अपघाताच्या दिवशीच काढला होता ना! शुक्रवारी पास आपोआप बंद पडेल. त्या दिवसाच्या नोंदीही यंत्रातून जातील. वर्षापलीकडचं आपण काही ठेवत नाही, आणि ठेवूही नये. तोवर संध्याकाळचं मी बघतो. इथून दुरुस्ती टाकतो, बोर्ड शून्य."

"तुमच्या टेबलावरून शून्य करता येतं?"

"येतं की. दांडी चुकून दोनदा फिरते, कुणी खालून वाकून जातं. त्यासाठी दिलेली सोय आहे."

बावीस वर्षांत ताईंना ही सोय ठाऊक नव्हती. बोर्ड म्हणजे खाली फिरणाऱ्या दांड्या, एवढंच त्या समजून चालल्या होत्या.

त्या संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी बोर्डावर एक होता. ताई बघत असतानाच त्याचं शून्य झालं. खाली बाहेरच्या चक्र्या निश्चल होत्या. ताईंनी वॉकीटॉकी उचलला आणि "शून्य" म्हटलं. असंच कुणी बाहेर न पडता उतरलेला आकडा आपण पूर्वी कधीतरी पाहिलाय, असं त्यांना वाटत राहिलं, आणि कधी ते आठवायचा त्यांना धीर झाला नाही.

३

पासबाई म्हणजे वार्षिक पासांच्या खिडकीवरची मुख्य मुलगी. बोलायला लागली की समोरच्याला पास घेतल्यावाचून गत्यंतर नसे. बुधवारी सकाळी ताईंनी तिच्या पुढ्यात पासाचा क्रमांक ठेवला आणि तिची वाचाच बसली.

"याची दुसरी प्रत कुणी छापून घेतलीय का?" ताईंनी विचारलं.

"नाही ताई. दुसरा छापला की पहिला बंद होतो आणि तशी नोंद राहते. हा पहिलाच आहे. तिच्या हातात दिलेला."

"मग अजून चालू कसा?"

"रद्द करायला घरच्यांचा अर्ज लागतो." पासबाईने खिडकीचा पडदा ओढून घेतला. "कोण येणार हो अर्ज घेऊन? आणि मला मेलीला तो माझ्या हाताने बंद करवेना. फोटो मीच काढला होता. म्हटलं, दात आला तरी वर्षभर ही बोळकीच राहणार हं पासावर. केवढी हसली ती!"

भिंतीवर तिची दिनदर्शिका होती. हिरव्या दिवशी सगळे पास चालतात, पिवळ्या दिवशी जागा असेल तर, लाल दिवशी अजिबात नाही. गर्दीचे दिवस आधीच ओळखून लाल करायचे म्हणजे पासवाले घरी राहतात.

"तो दिवस कोणता होता?" ताईंनी विचारलं.

"लाल धरला होता. साहेबांनी आदल्या आठवड्यात पिवळा करायला लावला. आमच्याकडे पासांची जोरात विक्री चालली होती, आणि वरच्या लोकांना दाखवायचं होतं की पासवाला कधी माघारी जात नाही." ती घुटमळली. "सव्वातीनला दारासमोर नव्या पासवाल्यांची ही भलीमोठी रांग. लोक माझ्या नावानं शंख करत होते. मी साहेबांना फोन केला, आकडा भरत आलाय, दार बंद होणार, काय करू? ते म्हणाले, पाच मिनिटं थांबव, बोर्ड उतरेल."

"आणि?"

"उतरला की. खरंच उतरला. मला वाटलं, साहेबांचा अंदाज काय पक्का आहे!"

ताईंनी तिथल्या स्टुलावर बसून घेतलं. ती पाच मिनिटं त्यांना तोंडपाठ होती. बोर्डावर सतरा हजार नऊशे, फोन उचललेला, बोट बटणावर. आणि आकडा झपकन एक हजाराने खाली आला. उन्हं फार आहेत, लोक निघाले असतील, असं स्वतःशी म्हणत त्यांनी फोन खाली ठेवला. त्यानंतर पाऊण तासाने पुलावरून पहिली किंकाळी आली.

गेलं वर्षभर ताई रोज एकदा तरी तो फोन मनातल्या मनात परत उचलत होत्या.

४

मिस्त्री आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये चक्रीचा दात घासत बसला होता. त्याच्यावर बालंट येऊ घातलंय हे त्याच्या कानावर आधीच गेलेलं होतं.

"लिहा ताई, लिहून टाका. सगळ्यात बुटकी भिंत माझीच आहे ना, चढा."

"मिस्त्री, मी चढायला आले नाही. विचारायला आले. चार नंबरला काय झालंय?"

"माझ्या चार नंबरला?" तो उसळला. "लोण्यासारखी फिरते. रोज सकाळी नऊला स्वतः तेल घालतो. बोट लावून बघा, काळं झालं नाही तर नावाचा मिस्त्री नाही!"

ताई थेट चौथ्या दाराशी गेल्या. अपघातानंतर बंद केलेलं ते दार मुख्य रांगेच्या टोकाला, झाडाच्या सावलीत होतं. समोर दोरी बांधलेली. ताई दोरीखालून वाकून आत गेल्या. खांबावर चाराचा आकडा ठळक रंगवलेला होता, आणि खालच्या दांडीवर कोळ्याने या खांबापासून त्या खांबापर्यंत जाळं विणलं होतं. दांडीवर बोट फिरवलं तर तेल नाही, तांबडा गंज निघाला. त्यांनी जोर लावून ती ढकलून पाहिली. जागची हलली नाही.

ही दांडी आज सकाळी फिरलेली नव्हती, काल नव्हती, गेल्या कित्येक महिन्यांत नव्हती. आणि ताईंच्या पडद्यावर मात्र आजचीही नोंद आलेली होती. दहा सात, चक्री चार.

दुपारची वेळ होती, पलीकडे माणसांचा कोलाहल चाललेला, तरी ताईंच्या अंगावर काटा आला.

५

"किती राहिले?" घरी पाय ठेवताच यजमानांनी विचारलं. बावीस वर्षांत हा प्रश्न कधी चुकला नव्हता, आणि ताईंचं "शून्य" चुकलं नव्हतं. गेला महिनाभर त्या "एक" म्हणत होत्या. आज त्या काहीच न बोलता पायरीवर बसल्या.

यजमान शिंपी. हात थरथरायला लागले तेव्हा दुकान बंद केलं, जीभ मात्र अजून कात्रीसारखी. पण बायकोचा चेहरा बघून त्यांनी थट्टा आवरली आणि चहाचा पेला आणून दिला. ताईंनी सगळं सांगितलं. गंजलेली दांडी, तेलाच्या शपथा, फोटोतली बोळकी.

"माझा नेम चुकत नाही हो माणसांबद्दल. मिस्त्री खोटं बोलत नव्हता," त्या म्हणाल्या. "पण मग चार नंबर गंजलेला कसा?"

यजमानांनी विचारलं, "माझ्या दुकानात खुंट्या किती होत्या?"

"बारा. आता त्याचं काय?"

"गिऱ्हाइकाचा नंबर मी कुठे टाचायचो? खुंटीवर?"

"खुंटीवर कशाला? कपड्यावर. कॉलरच्या आत."

"का? तर कपडा हलतो, खुंटी हलत नाही. तू खुंटीवरचा नंबर वाचून आलीस. मिस्त्री कपड्यावरचा सांगत असेल."

ताईंनी पेला खाली ठेवला. चहा तसाच होता.

"मला जेवायला वाढू नका," त्या म्हणाल्या, आणि मिस्त्रीला फोन लावला.

६

"चार नंबर? ही काय!" गुरुवारी सकाळी मिस्त्रीने पार्कच्या मागच्या बाजूला, कामगारांच्या दारावरच्या चक्रीवर थाप मारली. तिच्या पोटाशी धातूच्या पट्टीवर कोरलेला चार ताईंनी वाकून वाचला. "आठ महिने झाले. इथली मेली होती. चौथं दार बंदच, तिथली उचलून इथे बसवली. पुढे शोभेला ती मेलेली लावून ठेवली."

"आणि कुणाला कळवलंत?"

"कळवायचं म्हणजे तीन कागद," मिस्त्री ओशाळून म्हणाला. "चक्री चालतेय ना, म्हटलं."

पाहुण्यांची चक्री ती. कामगारांची कार्डं वाचायला तिला शिकवलेलं होतं, ती पाहुण्यांच्या आकड्यात धरली जात नव्हती. पण कुणी पास दाखवला तर इमानाने पाहुणा मोजत होती. म्हणजे सगळं पार्क महिनाभर भलत्याच दाराचा कॅमेरा बघून घाबरत होतं. पास वापरणारा इथूनच येत होता, कामावर येणाऱ्यांतलाच एक होता.

दहा वाजता ताई पहारेकऱ्याच्या चौकीत, अर्धवट लावलेल्या दारामागे उभ्या राहिल्या. बागकाम करणारे आले, होडीवाले आले, झाडूवाल्या बाया हसत-खिदळत आल्या. मग थोडी गर्दी ओसरली. रस्त्यावरून एक जण एकटाच चालत आला. तोंडाला पांढरा रंग, डोळ्यांभोवती काळी वर्तुळं, हातात पिशवी.

"हा आमचा नवा भूत," पहारेकरी पुटपुटला. "भूतबंगल्याच्या ठेकेदाराचा माणूस. बाकीची भुतं आत जाऊन रंगतात. हा घरूनच रंगून येतो. महिनाभरात चेहरा बघितला नाही कुणी."

भूत चक्रीसमोर थांबलं. खिशातून एक पास काढला, यंत्राला दाखवला. हिरवा दिवा लागला. पण ते स्वतः पुढे झालं नाही. डावा हात कमरेच्या उंचीवर, तळवा उघडा, एखाद्या लहानग्या पाठीवर ठेवावा तसा धरला आणि उजव्या हाताने दांडी हळूहळू फिरवली. दांडी टक् करून बसली. भूत क्षणभर पलीकडे बघत उभं राहिलं, कुणीतरी नीट पोचलंय ना हे पाहावं तसं.

मग त्याने आपलं कामगार कार्ड काढलं आणि मागोमाग आत गेलं. चौकीतल्या घड्याळात दहा वाजून सात मिनिटं झाली होती.

७

भूतबंगल्यातले सगळे दिवे लावले की तो अगदी केविलवाणा दिसतो. पुठ्ठ्याच्या कवट्या, दोऱ्याला टांगलेली वटवाघळं, रंग उडालेली शवपेटी. शवपेटीच्या कडेवर भूत बसलेलं होतं. ताई आत आल्या तरी उठलं नाही.

"पास द्या माझ्याकडे," ताई म्हणाल्या.

"आज शेवटचा दिवस आहे त्याचा. उद्या घ्या."

"चेहरा पुसा."

त्याने पिशवीतलं फडकं काढून सावकाश तोंड पुसलं. पांढऱ्याखालून सावळा, ओढलेला चेहरा निघाला. वर्षापूर्वी हाच चेहरा ताईंनी चौकशी समितीसमोर पाहिला होता, तेव्हा जरा भरलेला होता. मुलीचे वडील.

"तिला हा बंगला बघायचा होता," ते म्हणाले. "पुलापर्यंतच आलो आम्ही. मग ठेकेदाराकडे माणूस हवाय असं कळलं. म्हटलं, पास आहे अजून. रोज आणतो तिला. दिवसभर इथे असते."

"भीती वाटते लोकांना."

"मी कुणाला घाबरवायला आणत नाही हो!" त्यांचा आवाज चढला आणि लगेच बसला. "समितीने काय लिहिलं माहितीय ना? 'गर्दी मर्यादेत होती. वडिलांच्या निष्काळजीपणामुळे मुलीचा हात सुटला.' तिची आई ते वाचून माहेरी गेली. मी नाही सोडला हात. माणसांचा लोंढा मध्ये आला, बोटं ओढून काढावीत तसं ओढून काढलं तिला. पण तुमच्या कागदावर गर्दीच नाही. आता तर मलाच शंका येते. सोडला असेन का मी?"

ताईंना त्यांच्याकडे बघवेना. त्या कागदावर, आकड्याखाली, त्यांचीच सही होती.

"संध्याकाळी बाहेर का काढत नाही तिला?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"बाहेर कुठे गेली ती? अँब्युलन्स मागच्या मालाच्या फाटकाने आली, आम्हाला तशीच घेऊन गेली. चक्रीतून ती गेलीच नाही, मीही नाही गेलो. तुमच्या हिशेबाने आम्ही दोघं अजून आतच आहोत, ताई."

ताई ताडकन उभ्या राहिल्या.

"पुन्हा सांगा," त्या म्हणाल्या. "काय म्हणालात? चक्रीतून गेलाच नाहीत?"

८

मोजणीखोलीत आल्यावर ताईंनी पासबाईला आणि मिस्त्रीला बोलावून घेतलं आणि आतून कडी लावली. मुलीचे वडील दाराशी उभे होते.

"त्या दिवशी संध्याकाळी बोर्डावर किती होतं, आठवतं कुणाला?" ताईंनी विचारलं.

"शून्य," मिस्त्री म्हणाला. "तुम्हीच बोललात वॉकीटॉकीवर. रडत होतात तुम्ही."

"हो. अपघातानंतर मी खालीच पळत होते, वर आले तेव्हा शून्य होतं. हायसं वाटलं मला. कुणी आत अडकलं नाही म्हणून. आता मला सांगा, ते शून्य आलं कुठून? हे दोघं मालाच्या फाटकाने गेले. आणि लोक कुठून पळाले?"

"संकटाच्या वेळची दारं मीच उघडली," मिस्त्री सावकाश म्हणाला. "चारही. हजाराच्या वर माणूस गेलं असेल तिथून." तो थांबला. "तिथे चक्र्या नाहीत."

"नाहीत. म्हणजे बोर्डाने संध्याकाळी ती सगळी माणसं आतच दाखवायला हवी होती. आपण रोज शून्याची वाट बघतो, त्यामुळे शून्य दिसलं की कुणी विचारत नाही. एक दिसला म्हणून आपण महिनाभर पार्क पालथं घातलं, आणि ज्या दिवशी शून्य येणं शक्यच नव्हतं त्या दिवशी मी त्याच्याखाली सही केली."

त्यांनी त्या दिवसाच्या नोंदी काढल्या. एका कागदावर प्रत्येक चक्रीचा स्वतःचा आकडा, दुसऱ्यावर दुरुस्त्या. आत आलेल्यांतून चक्रीने बाहेर गेलेले वजा केले तर चौदाशे तीन माणसं शिल्लक होती. आणि दुरुस्त्या दोनच होत्या, दोन्ही साहेबांच्या टेबलावरून. संध्याकाळी सात दहाला चारशे तीन. दुपारी तीन वीसला एक हजार.

"तीन वीसला," पासबाई म्हणाली आणि तिने तोंडावर हात ठेवला. "माझ्या फोननंतर पाच मिनिटांनी."

"त्या वेळी अपघात झालेला नव्हता," ताई म्हणाल्या. "एक हजार जिवंत माणसं आत उभी होती, ती कागदावर बाहेर काढली, नवे पासवाले आत यावेत म्हणून. बोर्ड सतरा हजार आठशे दाखवत होता तेव्हा आत अठरा हजार आठशे होते. पूल एवढ्यांसाठी बांधलेला नव्हता." त्या मुलीच्या वडिलांकडे वळल्या. हे सांगायचं टाळता आलं असतं, पण त्यांनी टाळलं नाही. "तुमची मुलगी तीन वाजून एकतीस मिनिटांनी आत आली. तीन वीसला मी दार बंद करायला फोन उचलला होता. आकडा उतरला म्हणून खाली ठेवला. मी बोलले असते, तर तुम्ही दोघं दारावरून परत गेला असता."

मग दारावर थाप पडली.

वडिलांनी कडी काढली. साहेब होते. त्यांनी टेबलावरचे कागद पाहिले आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. तरी ते हसले. "ताई, समजून घ्या. अंदाज चुकला. हजाराने काय फरक पडतो, असं वाटलं. आणि सही तुमची आहे, विसरू नका. बुडालात तर माझ्याआधी तुम्ही."

"सही माझीच आहे," ताई म्हणाल्या. "म्हणून तर मीच घेऊन जाणार."

साहेबांनी कागदांकडे हात केला, तेवढ्यात मिस्त्री मध्ये उभा राहिला. हातात तेलाची बुधली होती, बाकी काही नाही. साहेब दोन पावलं मागे गेले.

दुपारी दोन वाजता चौकशी समितीच्या कचेरीत ताईंनी दोन्ही कागद दिले, आणि तिसरा, स्वतःच्या हातचा, फोन खाली ठेवल्याचा. पासबाईने आपली हकीकत लिहून दिली. कारकुनाने शिक्का मारला, पोच दिली आणि चौकशी पुन्हा उघडेल असं कोरडेपणाने सांगितलं. बाहेरच्या बाकावर मुलीचे वडील बसले होते. त्यांनी पोच दोनदा वाचली.

"मग मी हात सोडला नव्हता," ते म्हणाले. विचारत होते की सांगत होते, कळलं नाही.

"नाही," ताई म्हणाल्या. "तुम्ही नाही सोडला."

ते तिथेच, रस्त्यावरच्या लोकांदेखत, ढसाढसा रडले. ताई शेजारी बसून राहिल्या. धीर द्यायचा हक्क आपल्याला आहे असं त्यांना वाटलं नाही.

९

संध्याकाळी सात वाजता पार्क बंद झालं. बोर्ड हजारावर आला, शंभरावर आला, दहावर आला. सात दहाला एकावर येऊन थांबला.

साहेबांच्या टेबलावरून आज दुरुस्ती आली नाही. रखवालदारांनी वॉकीटॉकीवर विचारलं, "ताई, शोधायला निघू?"

"नको," ताई म्हणाल्या. "मी खाली येते. तुम्ही सगळे बाजूला व्हा."

बाहेरच्या चक्र्यांपाशी मुलीचे वडील उभे होते. चेहऱ्यावर रंग नव्हता. हातात पास होता, आणि फोटोवर अंगठा ठेवलेला होता.

"आज नाही नेली तर ती आतच राहून जाईल," ते म्हणाले. "बंद पडलेल्या पासानं बाहेर काढता येणार नाही ना?"

"नाही येणार."

त्यांनी मान हलवली. तरी बराच वेळ ते जागचे हलले नाहीत. ताईंनी घाई केली नाही. रखवालदार, पासबाई, मिस्त्री, सगळे दूर झाडाखाली गप्प उभे होते. एकाने टोपी काढली.

शेवटी त्यांनी पास यंत्राला दाखवला. हिरवा दिवा लागला. डावा हात त्यांनी पुढे केला, या वेळी पाठीवर ठेवल्यासारखा नाही, बोट धरल्यासारखा मूठ मिटून, आणि दांडी फिरवली. मागून कुणी ढकलत नव्हतं. पुढे रस्ता मोकळा होता. दांडी बसेपर्यंत त्यांनी मूठ तशीच घट्ट ठेवली.

मग कामगार कार्ड न दाखवताच ते दांडीखालून वाकून पलीकडे गेले, मूठ मिटलेलीच, आणि दिव्यांच्या उजेडात हळूहळू चालायला लागले. चाल लहान पावलांची होती, बरोबर कुणी लहान असल्यावर धरतात तशी.

ताई जिना चढून वर आल्या. बोर्डावर शून्य होतं. त्यांनी खिडकीतून ती मिटलेली मूठ रस्त्याच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत पाहिली, आणि मग वॉकीटॉकी उचलला.

"शून्य," त्या म्हणाल्या. "मालवा दिवे."